धुक्यातले सुरे

एझ्राकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पालथे पडलेले. पनवेलच्या एका कॉलेजात मला इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली म्हणून आम्ही नुकतेच त्या इमारतीत राहायला आलो होतो. सकाळी खाली उतरले तर मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीच्या गळक्या पाइपापाशी, पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ जमिनीला गाल लावून निश्चल पडलेले. मी घाबरून वॉचमनला हाक मारली. तो तंबाखू मळत आला, लांबूनच एक नजर टाकली आणि ते रोजच असे पडतात असं सांगून परत गेला. गृहस्थांनी मान न हलवता मला सांगितलं, "बाई, जरा मागे सरका. उजेड अडतोय."

त्यांच्या नाकासमोर पाइपाखालच्या शेवाळावर वीतभर लांबीचा एक सुरा आडवा ठेवलेला होता. त्याच्यामागे कुणाच्या तरी घरातलं धुपाटणं धुमसत होतं. सोसायटीच्या अंगणात सकाळच्या प्रहरी असं दृश्य पाहून माणसाने काय समजायचं ते मला कळेना, म्हणून मी मागे सरकले.

त्यांचं पूर्ण नाव एझ्रा वावंजेकर. नाव एक सांगे, आडनाव दुसरंच, त्यामुळे गावाला त्यांना नेमकं कुठल्या खणात ठेवावं हे कधी कळलं नाही. ते बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. पण निम्मं गाव त्यांना ख्रिश्चन समजायचं आणि उरलेलं मुसलमान. नाताळला त्यांना केक यायचा, ईदला शीरखुर्मा यायचा, दिवाळीला तर सगळ्यांचाच फराळ यायचा. ते कुणाची चूक दुरुस्त करीत नसत. त्यांचं म्हणणं, की इतिहास समजावून सांगण्यापेक्षा केक खाणं सोपं.

बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. जन्मभर त्यांनी मुख्यत्वे पासपोर्टचे फोटो काढले. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की त्यांची सूचना ठरलेली असे: "चेहऱ्यावर काही आणू नका." लोक गोंधळत. चेहऱ्यावर काही न आणणं म्हणजे काय ते बहुतेकांना आयुष्यात कुणी सांगितलेलं नसतं. काका वाट पाहत. माणूस कंटाळला, बायकोवरचा राग विसरला, हसायचं आहे की नाही हेही विसरला, की ते बटण दाबत. त्यांच्या समाजातली बहुतेक माणसं इस्रायलला गेली, आणि जाताना प्रत्येकाचा फोटो काकांनीच काढला. भाऊ, मेहुणा, शेवटी स्वतःची मुलगी एस्तेरसुद्धा. "आमचं सगळं गणगोत मी स्वतःच्या हाताने पाठवलं," असं ते सांगायचे, आणि त्यात दुःख किती आणि धंद्याचा अभिमान किती हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचे नाहीत.

मग लोक फोनवर फोटो काढायला लागले आणि स्टुडिओत माशी फिरकेना. काका तरीही रोज शटर उघडून बसत. त्या दिवसांत नेऱ्याचा जितू भोपी एक दिवस पेपरात काहीतरी गुंडाळून त्यांच्याकडे आला. नेरे म्हणजे पनवेलच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. जितू तिथला शेतकऱ्याचा मुलगा. काही वर्षं बंदराजवळ द्रोणागिरीच्या गोदामात कामाला होता, तिथे ट्रेलरच्या मोडक्या कमानींचे, म्हणजे स्प्रिंगचे, पाटे भंगारात जाताना बघून बघून त्याच्या मनात आलं, एवढं चांगलं पोलाद, याचं काहीतरी करावं. मोबाइलवर बघत बघत तो सुरे घडवायला शिकला. नोकरी सोडली, घरामागच्या पडवीत भट्टी लावली. सुरे खरोखर देखणे होते. पण घ्यायचे कुणी? पनवेलात मासे कापायला कुणाला नक्षीची मूठ लागत नाही. घेणारे होते परदेशात, आणि त्यांना आधी फोटो हवे होते.

"काका, ह्याचा फोटो काराचा हाय," जितू म्हणाला.

काकांनी सुरा पांढऱ्या पडद्यासमोर उभा केला, समोरून, सरळ, दोन्ही बाजू सारख्या दिसतील असा, आणि पासपोर्टचा असतो तसा फोटो काढून दिला. जितूने तो परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला पाठवला. त्याचं उत्तर आलं ते जितूने जपून ठेवलं होतं, पुढे मला दाखवलं. गिऱ्हाइकाने नम्रपणे विचारलं होतं की हा सुरा कुठल्या खटल्यातला पुरावा आहे का.

मग जितूने काकांना फोनवर दुसऱ्या कारागिरांचे फोटो दाखवले. तिकडे या सुऱ्यांचे फोटो काढायची एक तऱ्हाच आहे. सुरा कधी टेबलावर नसतो. तो एखाद्या अद्भुत रानात असतो: शेवाळलेल्या दगडात रुतलेला, मागे धुकं, बाजूला अळंब्या, वरून एकच किरण. बघणाऱ्याला वाटावं की आत्ता इथून एखादा योद्धा उठून गेला, नाहीतर एखादी चेटकीण येते आहे. काकांनी ते फोटो बराच वेळ पाहिले. जितूला वाटलं, ते आता हसतील. पण ते म्हणाले, "ज्याने कुणी हे काढलंय त्याने लहानपणी ओढ्यात बराच वेळ फुकट घालवलेला आहे." दुसऱ्या दिवशी स्टुडिओचं शटर बंद, आणि काका नेऱ्याच्या ओढ्यात.

वयाच्या साठीत माणसं सकाळी फिरायला जातात, हास्यक्लबात जातात. काका शेवाळ गोळा करायला जाऊ लागले. शेवाळाचे तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून ते स्टीलच्या डब्यात ठेवत, तोच डबा ज्यातून रूथकाकू त्यांना जेवण देत. रूथकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. जन्मभर लोकांचे नंबर जोडून दिल्यामुळे असेल, पण त्यांचं बोलणं तीन मिनिटांच्या आत संपणारं आणि नेमकं असे. एकदा त्यांनी घाईत डबा उघडला, आत बघितलं, बंद केला आणि मला सांगितलं, "सुनीता, आमच्याकडे आज पालेभाजी आहे. मीठ घालायचं राहिलंय."

धुकं हा दुसरा प्रश्न. पनवेलला धुकं पडत नाही, धूर पडतो. काकांनी त्यावर तोडगा काढला: शेगडीत नारळाची सोडणं, वर ऊद, आणि वारा थांबेपर्यंत धीर. थर्माकोलचा पत्रा उजेड परतवायला, पाण्याची फवारणी दवासाठी, सुऱ्याच्या पात्याला खोबरेल म्हणजे गंज चढू नये. आणि मग पालथं पडायचं. ते म्हणत, उभं राहून बघितलं तर जगात काही जादू नाही, सगळा ओढा प्लास्टिकने भरलेला दिसतो. जादू जमिनीपासून चार बोटांवर सुरू होते आणि एका वितीवर संपते. तेवढ्या जागेत त्यांनी काय काय करून दाखवलं ते मी पाहिलं आहे. कोंबड्यांच्या पोल्ट्रीमागचा तो घाण ओढा त्यांच्या फोटोत असा दिसायचा, की तिथे पऱ्यांनी अंघोळीला यावं.

माझा या प्रकरणाशी संबंध एवढाच, की फोटोखाली दोन ओळी इंग्रजीत लागत आणि इमारतीत इंग्रजीची मास्तरीण मी एकटी. माझ्या वाट्याला आलेल्या पहिल्या सुऱ्याखाली मी हौसेने लिहिलं, की हा काळ्या डोंगराच्या पोटात, ज्वालामुखीच्या आगीत घडवलेला आहे. काकांनी त्याचं मराठी करून मागितलं. ऐकलं आणि मान हलवली. म्हणाले, "भट्टी जितूच्या पडवीत आहे, बाई. पत्रे गळतात तिचे."

मी म्हटलं, फोटोत पोल्ट्रीचं नंदनवन केलेलं चालतं आणि माझा एक ज्वालामुखी चालत नाही?

"फोटोत जे आहे तेच आहे. मी फक्त बाकीचं घेतलं नाही. तुम्ही नसलेलं आणताय."

हा फरक ते मला अनेक वेळा समजावून देत आले आणि तो मला कधी पूर्ण पटला नाही. पण ते हटले नाहीत. शेवटी मी लिहिलं, की ज्या पोलादाने वर्षानुवर्षं देशोदेशीचं ओझं वाहिलं, त्यातून हा घडला आहे. ते त्यांना चाललं. ट्रेलरचा पाटा होता, ओझं त्याने वाहिलेलंच होतं.

शनिवारी ते काम करीत नसत. देवळात जात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, जिथे आता प्रार्थनेला पुरेशी माणसं जमण्याची मारामार होती. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की कॅमेरा कपाटात. जितू कुरकुरायचा, की नेमकं शनिवारीच ऊन झकास पडतं. काकांचं उत्तर असे, की देवालाही सुट्टीच्या दिवशी थोडी हौस करू दे.

त्यांच्यावर एकच मोठा प्रसंग आला आणि तो त्यांच्या सत्यप्रियतेमुळेच जास्त चिघळला. त्या दिवशी त्यांनी जितूच्या नव्या सुऱ्यांचा आख्खा संच ओढ्याकाठी मांडला होता. सुरे गोल रिंगणात मातीत उभे रोवलेले, मधे शेगडी, तिच्यातून उदाचा धूर, आणि रिंगणाबाहेर एक म्हातारा पालथा पडून कॅमेऱ्याचे आकडे तोंडातल्या तोंडात पुटपुटतोय. जितू पेट्रोल भरायला गेला होता. सरपण गोळा करायला आलेल्या एका बाईने हे पाहिलं, मोळी तिथेच टाकली आणि धावत गावात गेली. थोड्याच वेळात काठ्या घेतलेले लोक काकांभोवती उभे राहिले.

कुणीतरी विचारलं, इथे काय चाललंय. काका उठून बसले, कपडे झटकले आणि खरं ते बोलले. "धुकं करतोय."

"कोनासाठी?"

"गिऱ्हाइकासाठी. ते परदेशात बसलंय."

गावाला यापेक्षा जास्त पुराव्याची गरज उरली नाही. लोकांनी त्यांना हात लावला नाही हे त्यांचं नशीब, की सुऱ्यांची भीती, ते सांगता येत नाही. पोलिसांना फोन गेला, आणि काका, शेगडी, सुरे, शेवाळाचा डबा असं सगळं चौकीवर पोचलं. रूथकाकूंनी मला बोलावलं. मी गेले तेव्हा जबाब चालू होता आणि हवालदार जातीच्या रकान्यापाशी अडला होता. काकांनी 'बेने इस्रायली' सांगितल्यावर त्याने परदेशी नागरिक लिहायला घेतलं होतं. काका शांतपणे सांगत होते, की आमच्या लोकांनी या मुलखात तेलाचे घाणे चालवले आहेत, तुमच्या पणजोबांनी तेल आमच्याकडूनच नेलं असेल. हवालदार म्हणाला, ते ठीक आहे काका, पण तेलाचा रकाना नाही इथे.

जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे आणि तो चांगलाच आहे, हे मीही नंतर मान्य केलं. पण तेव्हा मी घाबरले होते. काठ्या घेऊन लोक बाहेर उभेच होते. आतल्या साहेबांनी काकांना विचारलं, हा सगळा प्रकार नेमका काय आहे. काकांनी फोनवर फोटो उघडून फोन त्यांच्या हातात दिला. साहेब एकेक फोटो बघत गेले. त्यांचा वेग कमी होत गेला. एका फोटोवर ते थांबलेच: हिरव्या उजेडात, पाण्याच्या थेंबांमागे, दगडात उभा सुरा.

"हे कुठलं?"

"नेऱ्याचंच."

"मी रोज जातो त्या ओढ्यावरून. असं काही नाही तिथं."

"हो, नाहीये," काका म्हणाले.

साहेबांनी फोन परत दिला. पुन्हा येताना आधी चौकीत कळवत जा, असं बजावलं. तेवढ्यात जितू धापा टाकत आला, गावातल्या लोकांपुढे हात जोडून म्हणाला, "अरे आमचंच काम हाय ते, करनी नाय, फोटू हाय," आणि प्रकरण मिटलं. निघताना साहेबांनी काकांना थांबवलं आणि खासगी आवाजात विचारलं, की माणसांचेही असे काढता का. काका म्हणाले, काढून पाहिले, पण माणसं पालथ्याच्या उंचीला चांगली दिसत नाहीत, नुसते बूट दिसतात.

रूथकाकूंनी सुटकेबद्दल मलिदा केला. पोहे, गूळ, खोबरं, वर फळं, एलियाहू पैगंबराच्या नावाने. इमारतीत सगळ्यांना वाटला, आणि मला जास्त वाढताना म्हणाल्या, की पैगंबराला आजवर बरीच कामं सांगितली, पण धूर केल्याबद्दल नवऱ्याला सोडवून आण, हे पहिलंच. या प्रसंगाचा एक फायदा मात्र झाला. तो ओढा गावात करणीची जागा म्हणून प्रसिद्ध झाला. तिकडे कुणी कचरा टाकायलाही जाईना. दोन पावसाळ्यांत तिथलं शेवाळ असं माजलं, की काकांना डबा न्यायची गरज उरली नाही.

रूथकाकूंनी जितूचा सुरा घरात कधी वापरला नाही. त्यांची विळी होती, लग्नातली, टोकाला खवणीचे दाते असलेली. एकदा ती धार लावायला जितूकडे गेली. त्या आठवड्यात नवा सुरा तयार नव्हता आणि ऊन तर फार चांगलं पडलं होतं. काकांनी विळीलाच ओढ्यावर नेलं. तो फोटो मी पाहिला आहे. खाली अंधारात गेलेला पाट, वर वळलेलं पातं, आणि टोकाला ते दातेरी चक्र, धुक्यातून डोकावणारं. जितूने गंमत म्हणून तो इंटरनेटवर टाकला, आणि त्याच्या सगळ्या सुऱ्यांना मिळून आली नसेल एवढी मागणी त्या विळीला आली. एकाने विचारलं, की हे शस्त्र कुठल्या जमातीचं, आणि योद्धा ते धरतो कसं.

काकांचा नियम माहीत असल्यामुळे मी खरं तेच कळवलं: हे हातात धरत नाहीत, पाटावर पाय देऊन वापरतात. वापरणाऱ्या बहुतेक स्त्रिया. मुख्य उपयोग नारळाविरुद्ध. त्याने उलट विचारलं, की ही नारळ जमात आता शिल्लक आहे का.

विळी विकायची का, म्हणून काकूंना विचारण्यात आलं. जितूचं म्हणणं, त्या बदल्यात तो त्यांना नवी, जास्त चांगली घडवून देईल. काकू तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता त्यांनी सांगितलं, की तुम्ही दोघं फोटोत काय वाटेल ते करा, पण संध्याकाळी मला सोलकढीला नारळ खवायचाय. विळी परत आली. काकांनी तो फोटो मात्र मोठा करून स्वयंपाकघरात लावला, प्रत्यक्ष विळीच्या वर. येणारा पाहुणा आधी फोटो बघे, मग विळी बघे, आणि दोन्ही एकच आहेत हे त्याला सांगावं लागे.

त्याच वर्षाच्या शेवटी रूथकाकूंचं दुखणं निघालं. पोटाचं होतं आणि पुढे गेलेलं होतं. त्या दवाखान्यातून घरी आल्या त्याच आठवड्यात डेन्मार्कचं एक गिऱ्हाईक भारतात आलं. त्याने जितूचे बरेच सुरे घेतले होते. ताजमहाल वगैरे पाहून झाल्यावर त्याला एकच इच्छा उरली होती: ते जंगल पाहायचं, जिथे हे फोटो काढले.

जितूच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने सुचवलं, की आपण याला माथेरानकडच्या रानात नेऊ, तिथे शेवाळही आहे आणि धुकंही खरं असतं. गिऱ्हाईक हातचं जाईल, अशी त्याला भीती होती, आणि ती खोटी नव्हती. पडवीच्या जागी त्याने नुकतीच पक्की शेड बांधायला घेतली होती. मीही जितूच्या बाजूची होते. काका म्हणाले, की त्याने 'फोटोतली जागा' म्हटलंय, 'चांगली जागा' नाही. अंथरुणावरून काकूंनी निकाल दिला, की न्या त्याला पोल्ट्रीवर, एवढं काय, आपणही ताजमहाल पाहिला तेव्हा मागची नदी पाहिलीच होती.

दुभाषी म्हणून मी बरोबर गेले. उंच, लाजाळू, सोनेरी दाढीचा माणूस. रिक्षातून उतरला, पोल्ट्रीचा वास आला, आणि त्याने आधी आमच्याकडे आणि मग ओढ्याकडे पाहिलं. वरून वाहून आलेल्या शाम्पूच्या पुड्या, एक चप्पल, विजेचा खांब. त्याचा चेहरा पडला, पण तो सभ्य होता, मान डोलावत राहिला. जितू दुसरीकडे बघत उभा राहिला. काकांनी खांद्यावरचा पंचा काढून ओल्या दगडापाशी अंथरला आणि त्याला खुणेने सांगितलं, आडवा हो. तो आडवा झाला. काका त्याच्या शेजारी आडवे झाले आणि त्याची मान बोटभर डावीकडे वळवली.

कोंबड्या तेवढ्या ओरडत होत्या. मग तो माणूस इंग्रजीत काहीतरी पुटपुटला, आणि मी भाषांतर केलं: तो म्हणतोय, हे फारच लहान आहे.

"हो," काका म्हणाले. "मोठं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं."

मी त्याचं इंग्रजी करून सांगितलं. तो आणखी थोडा वेळ तसाच पडून राहिला. उठला तेव्हा दाढीला चिखल होता. त्याने जितूच्या भट्टीवर जाऊन चहा घेतला, गळके पत्रे पाहिले, आणि घरी जाऊन या सगळ्याबद्दल एवढं लांबलचक आणि एवढं खरं लिहिलं, पोल्ट्रीच्या वासासकट, की जितूची मागणी महिनाभर निम्म्यावर आली आणि नंतर दुप्पट झाली. यातून काय शिकायचं ते मला अजून कळलेलं नाही.

काका संध्याकाळी काकूंच्या उशाशी बसून दिवसाचे फोटो दाखवत. त्या बारकाईने बघत आणि शेवटी काहीतरी खोट काढत, की इथे माझ्या धुपाटण्याचा कान दिसतोय, नाहीतर हा सुरा उपाशी दिसतोय. एकदा मी पेज घेऊन गेले होते तेव्हा त्या म्हणाल्या, "या लोखंडाला एवढं धुकं घातलंत. माझ्या फोटोला कधी घातलं नाहीत."

काका म्हणाले, "तुझ्यात झाकण्यासारखं काय होतं?"

काकूंनी तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं, रागावल्या. पण त्या हसत होत्या.

फाल्गुनात त्या गेल्या. एस्तेर इस्रायलहून निघाली, पण मातीला पोचू शकली नाही. नंतर आली, महिनाभर राहिली, परत गेली.

काका पुन्हा ओढ्यावर जाऊ लागले होते, पण ते काम फार दिवस टिकलं नाही. जितूला त्याच्या ओळखीच्या कुणीतरी दाखवलं, की आता संगणकाला सांगितलं की तो स्वतःच हवं ते रान तयार करून देतो. सुऱ्याचा साधा फोटो टाकायचा, आणि मागे किल्ला, धबधबा, आकाशात उडणारा सर्प, जे म्हणाल ते. धूर नको, चिखल नको, पोलीस नकोत. जितूला हे काकांना सांगायचं जड जात होतं. तो माझ्याकडे आला, चहा प्यायला, परत गेला, पुन्हा आला. शेवटी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. काकांनी चष्मा लावून ते चित्र नीट पाहिलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "उजेड तेवढा दोन बाजूंनी येतोय. त्यांच्याकडे दोन सूर्य असतील."

जितू म्हणाला, "काका, तुमी म्हनाल तर नाय करत." आणि तो खरोखर तयार होता. काकांनी त्याला सांगितलं, की मी पासपोर्टवाला, माझं पोट एकदा मोबाइलने घेतलंय, मला सवय आहे. त्यांनी थर्माकोलचा पत्रा जितूला देऊन टाकला, भट्टीवर वारा अडवायला. गिऱ्हाइकांना फरक कळला का, म्हणून मी नंतर जितूला विचारलं. कुणाला कळला नव्हता. फक्त डेन्मार्कच्या त्या माणसाने पत्र लिहून विचारलं होतं, की ते वृद्ध गृहस्थ बरे आहेत ना.

एस्तेरने आग्रह धरला आणि काकांनी अश्दोदला तिच्याकडे जायचं कबूल केलं. जाण्याच्या आधीच्या आठवड्यात काकूंच्या कबरीवर दगड बसवून झाला होता. एस्तेरला त्याचा फोटो हवा होता, भिंतीवर लावायला. मला काकांनी बरोबर नेलं, कारण एस्तेर व्हिडिओ कॉलवर असणार होती आणि फोन धरायला कुणीतरी हवं होतं.

दुपारचं सरळ ऊन होतं, फोटोग्राफर लोक ज्याला शिव्या देतात तसलं. दफनभूमीत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. काळ्या दगडावर वर हिब्रू आणि खाली मराठीत नाव कोरलेलं. कुंपणापलीकडे, आमच्या इमारतीच्या बाजूला, एक नवा टॉवर कधीपासून उभा राहत होता, क्रेनसकट, हिरव्या जाळीत गुंडाळलेला. काकांनी कॅमेरा लावला. एस्तेरने फोनच्या पडद्यातून सगळं पाहिलं आणि म्हणाली, "पप्पा, ती मागची बिल्डिंग नको ना यायला. तुम्ही तर काहीही गायब करता. जरा खालून घ्या, नुसतं आकाश येऊ दे."

काकांनी डोळा कॅमेऱ्यापासून काढला.

"या टॉवरने आपल्या गच्चीवरचं ऊन घेतलं म्हणून तुझी आई दोन वर्षं रोज त्याला शिव्या घालत होती. तिचे पापड वाळेनात. मागून तो काढला तर हिचा फोटो आहे हे कुणाला कळेल?"

पडद्यावर एस्तेरने डोळे पुसलेले दिसले, आणि कॉल तुटला, की तिने बंद केला, ते मला समजलं नाही. मी रिक्षा बघते म्हणून निघाले. त्यांना थोडा वेळ एकटं राहू द्यावं असं वाटलं.

फाटकापाशी रिक्षा मिळाली. रिक्षावाला घाई करत होता, कारण उन्हात त्याची सीट तापत होती. मी काकांना हाक मारायला वळले. ते कबरींच्या ओळींमधून कॅमेरा डोळ्याला लावून उलटे, एकेक पाऊल मागे सरकत होते. कुणाच्या दगडाला पाय लागला की थांबून त्या दगडाला हात लावत आणि तो हात ओठांना, आणि पुन्हा मागे सरकत.

मी विचारलं, झालं का.

"थांबा," ते म्हणाले. "वरचे दोन मजले अजून मावत नाहीत."